तीस पोपट, एकच चोच

प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना, आणि ज्यांच्या सहीने शाळेचं उपक्रमांचं वार्षिक नियोजन मंजूर होतं त्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात नातीच्या शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन बघायला गेले होते. दुसरीच्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर तीस पोपट बसले होते. सगळ्यांची मान डावीकडे, सगळ्यांची चोच सारखीच वाकडी, प्रत्येकाच्या शेपटीला मोजून तीन पिसं. एक पोपट मात्र निळा होता. तो सगळ्यात खाली, दार उघडलं की फळीआड अर्धा झाकला जाईल असा लावला होता. माझी नजर तिकडे गेलेली पाहून वर्गाच्या बाई घाईघाईने म्हणाल्या, "तो मुलगा जरा ऐकतच नाही हो." मी नुसती हसले. बोलायचा मला हक्क नव्हता. सत्तावीस वर्षं मी पहिली ते चौथीला शिकवलं आणि असे पोपट मीही शेकड्यांनी बसवले. पोपट, मासे, फुलपाखरं आणि एका वर्षी चाळीस हत्ती.

हे पोपट होतात कसे ते मला चांगलं माहीत आहे. आदल्या दिवशी बाई जाड पुठ्ठ्यावर एक पोपट काढतात आणि कापून त्याचा साचा करतात. मुलं तो साचा कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवतात. ती रेघ हलते, म्हणून बाई ती परत गडद करतात. कापताना कड फाटते, म्हणून मधल्या सुट्टीत बसून बाईच कापतात. रंग कोणता ते फळ्यावर लिहिलेलं असतं. सात वर्षांच्या मुलाच्या वाट्याला काय उरतं, तर डिंक. तोही जास्त लागला तर ओरडा. याला आपण नियोजनाच्या तक्त्यात 'सर्जनशील उपक्रम' म्हणतो आणि समोर बरोबरची खूण करतो. पाठांतराला आपण पोपटपंची म्हणून नावं ठेवतो, आणि हातांनाही तेच करायला लावतो.

मी बाईंना दोष देत नाही. म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. पोपट सारखे होतात ते बाईंना कल्पना सुचत नाही म्हणून नव्हे. त्यांच्या हातात पस्तीस मिनिटं असतात, आणि शेवटी भिंत भरलेली दिसायला हवी असते. हे दोन्ही तुमच्या टेबलावर ठरतं.

आधी त्या पस्तीस मिनिटांचा हिशेब मांडते. मागच्या तासाच्या वह्या आत जाऊन वर्ग शांत व्हायला पाच मिनिटं. कागद, रंग, कात्र्या वाटायला सात-आठ. काय करायचं ते सांगायला पाच. शेवटी कचरा उचलायला, हात धुवायला रांग लावायला आठ. उरली नऊ-दहा मिनिटं. दहा मिनिटांत कुणालाही नवं काही सुचत नाही, मोठ्या माणसालाही नाही. दहा मिनिटांत फक्त नक्कल होते. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंत्सो या गरीब वस्तीत पहिलं बालघर सुरू केलं. पुढे त्यांच्या पद्धतीत मुलांना सलग तीन तास काम करू द्यायचा दंडक रूढ झाला, मध्ये घंटा नाही. तीन तास मी मागत नाही. तुमच्या अडचणी मी भोगलेल्या आहेत. मी आठवड्यातून एकदा दोन तासिका जोडून मागते आहे, सत्तर मिनिटं.

सत्तर मिनिटांत काय होतं याचं एकच उदाहरण सांगते, पण नीट सांगते.

चौथीच्या मुलांना मी दोन पुस्तकांच्या चळती वीतभर अंतरावर ठेवायला सांगितल्या आणि प्रत्येक जोडीला एकच साधा कागद दिला. या कागदाचा पूल करायचा आणि त्यावर जास्तीत जास्त खोडरबर ठेवून दाखवायचे. डिंक नाही, दुसरा कागद नाही, फाटला तर तोच वापरायचा. पहिलं खोडरबर ठेवताच सगळ्यांचे पूल कोसळले. दहा मिनिटं नुसते कोसळत राहिले. एकीने कागद पुस्तकांखाली दाबला, तरी मध्ये झोळ. एकाने चार पदरी घडी घातली, तर तो पुरेना. पंधराव्या मिनिटाला वर्गात इतकी कुरकुर झाली की मला राहवेना. हे मी अनेक वर्षांपूर्वीचं सांगते आहे. मी पुढे झाले, कागदाच्या पंख्यासारख्या चुण्या घातल्या आणि म्हटलं, "हे बघा, असं." पूल उभा राहिला. सगळ्यांनी चुण्या घातल्या, सगळ्यांचे पूल उभे राहिले, तास संपला. मुलं खूश होती असं मला तेव्हा वाटलं.

पुढच्या वर्षी शेजारच्या बाई रजेवर होत्या, म्हणून योगायोगाने मला दोन तासिका सलग मिळाल्या. या वेळी मी हाताची घडी घालून खिडकीशी उभी राहिले. खरं तर मला स्वतःलाच धरून ठेवायचं होतं. विसाव्या मिनिटाला एका मुलीने वैतागून कागदाची सुरनळी केली आणि ती पुलासारखी टेकवली. ती वाकली नाही. पण तिच्यावर खोडरबर ठरेना, घरंगळून खाली पडे. मग तिच्या जोडीदाराने सुरनळी दाबून चपटी केली, तशी ती पुन्हा वाकली. दोघांचं भांडण झालं. त्या भांडणात मुलगी जे म्हणाली ते माझ्या लक्षात राहिलं आहे: "उभं असलं की ताकद असते, तू त्याला झोपवलंस!" पलीकडच्या बाकावरच्या मुलाने ते ऐकलं आणि कंपासपेटीतली पट्टी काढली. आडवी धरून वाकवली, ती वाकली. मग कडेवर उभी धरून वाकवून पाहिली, वाकेना. तो नुसता पाहत राहिला. मग त्याने कागदाच्या दोन्ही कडा वर दुमडून पन्हळ केली, आणि तिच्यात पाच खोडरबर राहिले. चाळिसाव्या मिनिटाला वर्गात चार प्रकारचे पूल होते. चुण्यांचा पूल फक्त एका जोडीने केला होता. तो सगळ्यांत भक्कम ठरला, तेव्हा बाकीचे तो मोजायला धावले: चुणी किती उंच, किती जवळ. कुणीतरी खोक्याचा पुठ्ठा फाडून आतली नागमोडी पट्टी दाखवली, "बाई, हे तर यातच लपलंय."

पातळ वस्तू वाकण्याच्या दिशेत जितकी उंच, तितकी ती वाकायला नकार देते. हे मी सांगितलं असतं तर एका वाक्यात झालं असतं आणि एका दिवसात विसरलं गेलं असतं. पहिल्या वर्षीच्या मुलांना चुण्या आल्या, पट्टीचं काही कळलं नाही. फरक सामानाचा नव्हता, माझ्या हुशारीचा तर नव्हताच. पस्तीस मिनिटं जास्त होती आणि मी तोंड मिटून उभी होते.

तोंड मिटण्यावरून आठवलं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात ते मोजलं होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. साधारण एक सेकंद! एका सेकंदात उत्तर आलं नाही की शिक्षक दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देत. तीन सेकंद थांबायची सवय लावल्यावर उत्तरं लांबली, 'माहीत नाही' म्हणणारी मुलं कमी झाली, एरवी गप्प बसणारी बोलू लागली. तीन सेकंद वर्गात किती लांब वाटतात ते उभं राहून अनुभवा. मला पहिल्यांदा घाम फुटला होता.

आता भिंतीकडे येते.

साचा वापरून काढून घेतलेल्या चित्रात नुसता कंटाळवाणेपणा नसतो, एक नुकसानही असतं. सहा-सात वर्षांचं मूल घर काढतं तेव्हा भिंतीतून आतली माणसं, पलंग, पंखा सगळं दाखवतं. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आन्री ल्युके यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, १९२७ साली, याचा उलगडा मांडला होता: या वयात मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक आहे ते काढतं. घरात माणसं आहेत हे त्याला माहीत असतं, मग ती काढायला भिंत कशाला आड यावी? पुढे आठ-नऊ वर्षांच्या सुमारास मूल स्वतःच दिसण्याकडे वळतं, आणि नेमकं तेव्हाच 'मला चित्र येत नाही' हे वाक्य सुरू होतं. त्या नाजूक वयात समोर बाईंचा नीटस पोपट टांगलेला असला, तर ते वाक्य लवकर येतं आणि जन्मभर राहतं.

मी एका मुलाला एकदा विचारलं होतं, "अरे, भिंतीतून माणसं दिसतात का?" अगदी प्रेमाने विचारलं होतं. त्याने खोडरबर घेऊन सगळी माणसं पुसली आणि बंद दार काढलं. त्या वर्षात त्याच्या कुठल्याही घरात पुन्हा माणूस आला नाही. माझ्या सत्तावीस वर्षांतल्या पुष्कळ चुका मी विसरले आहे, ही विसरता येत नाही.

भिंतीवर काय लावावं, तर अर्धवट कामं लावावीत आणि प्रत्येकाखाली मुलाने त्याबद्दल उच्चारलेलं एक वाक्य, जसंच्या तसं, बाईंच्या अक्षरात. इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहरातल्या बालशाळांमध्ये हे फार मनापासून करतात. तिथली सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. १९४५ साली, महायुद्ध संपल्या-संपल्या, शेजारच्या खेड्यातल्या पालकांनी जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक ते बघायला सायकलवरून गेला आणि पुढे आयुष्यभर त्या कामात राहिला. तिथे मुलांच्या बोलण्याची नोंद हाच शिकवण्याचा कणा आहे. आपल्याला रणगाडा विकायचा नाही. चित्राखाली एक पट्टी चिकटवायची आहे. निळ्या पोपटाखाली त्या मुलाचं वाक्य असतं, तर मला घरी जाताना हुरहूर लागली नसती. त्याने तो निळा का केला असेल, हे त्याला कुणी विचारलं असेल का?

बक्षिसांबद्दल थोडं कडक बोलते, कारण ती प्रथा मीच माझ्या शाळेत आणली होती. उत्कृष्ट कामाला चांदणी, पाच चांदण्यांना प्रमाणपत्र. सहा महिन्यांत वर्गात प्रश्न एकच उरला: "बाई, याला चांदणी आहे का?" नसेल तर कागदाला हात लागत नसे. फार उशिरा मला कळलं की हे कुणीतरी आधीच तपासून ठेवलं होतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडतं अशी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी तेच दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच स्केचपेनं वर्गात मोकळी ठेवली. ज्यांना बक्षिसाचं आमिष दाखवलं होतं, ती मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांपाशी बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती. म्हणजे घात प्रमाणपत्राने केला नव्हता, सौद्याने केला होता. धावण्याच्या शर्यतीत बक्षीस ठेवा, माझी ना नाही. ज्या गोष्टीकडे मूल आपणहून धावतं, तिच्यापुढे गाजर धरू नका.

घरून करून आणायच्या प्रकल्पांबद्दल दोनच वाक्यं. प्रकल्प मुलाचा, जागरण आईचं. तुम्हालाही ते माहीत आहे आणि तरी प्रदर्शनात पहिला क्रमांक त्याच ज्वालामुखीला मिळतो.

सामानाचा प्रश्न तुम्ही काढाल, म्हणून आधीच बोलते. प्रत्येक शाळेत कलासाहित्याचं एक लोखंडी कपाट असतं. त्यात चकचकीत कागद, रंग, तयार संच असतात आणि ते संपू नये म्हणून कुलूप असतं. आमच्याकडे त्यातले रंग वाळून दगड झाले तेव्हाच बाहेर आले. मुलांना हवं ते सामान त्या कपाटात नसतंच. डेन्मार्कमध्ये कार्ल थिओडोर सोरेनसेन या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आलं की त्याने आखलेल्या सुरेख बागांपेक्षा मुलं बांधकामाच्या भंगारात जास्त रमतात. १९४३ साली, देश परक्या सैन्याच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला त्याच्या कल्पनेतून भंगाराचं मैदान उभं राहिलं: फळ्या, विटा, दोऱ्या आणि सोबत लक्ष ठेवायला एक मोठा माणूस. पुढे १९७१ साली सायमन निकोल्सन या शिल्पकाराने यालाच सुट्या भागांचा सिद्धांत असं रूप दिलं. जितके सुटे, हलवता येणारे, जोडता-मोडता येणारे भाग हाताशी, तितकं सुचणं जास्त. तयार संचातून तेच होतं जे त्याच्या झाकणावर छापलेलं असतं. खोकी, सुतळी, बाटल्यांची झाकणं, चिंध्या, रिकामी रिळं, वाळकी पानं, गोटे यांच्या झाकणावर काही छापलेलं नसतं.

यात काळजी घ्यायची जागा आहे, ती लपवत नाही. पहिलीतली मुलं वस्तू तोंडात घालतात, म्हणून बारीक मणी त्यांना नकोत. खेळण्यांतल्या चपट्या गोल बॅटऱ्या आणि छोटी चुंबकं तर कुठल्याच वर्गाच्या खोक्यात नकोत, गिळली गेली तर बॅटऱ्या अन्ननलिका जाळतात, चुंबकं आतड्यांना भोकं पाडतात. पत्र्याच्या कडा आधी बोट फिरवून मोठ्या माणसाने बघाव्यात. पण बोथट कात्रीने न कापणारा कागद घेऊन रडणारं मूल आणि धारेची कात्री नीट धरायला शिकलेलं मूल, यांत दुसऱ्याचं बोट कमी वेळा कापतं, असा माझा अनुभव आहे.

मी नकलेच्या विरुद्ध आहे असंही कुणी समजू नये. कागदाच्या घड्या, गाठी मारणं, टाके घालणं, अक्षराचं वळण या गोष्टी बघून, जशाच्या तशा करूनच येतात. एक बरोबर घडी दहा वेळा घालून हातात बसली की अकरावी आपली स्वतःची घालता येते. हात शिकवताना नक्कल हवी. त्या हाताने काय करायचं ते मात्र मुलाचं असू द्या. आणि कुठलीही मोकळी पद्धत आपोआप मोकळी राहत नाही. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीत बालशाळा काढली आणि चेंडू, लाकडी गोल, घन यांतून खेळत शिकण्याची वाट दाखवली. प्रशिया या तिथल्या मोठ्या राज्याच्या सरकारला ती इतकी धोकादायक वाटली की १८५१ मध्ये तिच्यावर बंदीच आली. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळ वर्गांत तेच लाकडी घन शिक्षिकेच्या हुकुमावर एका वेळी एक असे मांडले जाऊ लागले. सरकारी बंदी नऊ वर्षांत उठली. हुकुमाची सवय जायला फार जास्त काळ लागला.

गोंगाट होईल. होतोच. शेजारच्या वर्गाची तक्रार येईल, म्हणून जोडतास मधल्या सुट्टीला लागून ठेवा. अभ्यासक्रम मागे पडेल का? पुलाच्या त्या तासानंतर लांबी, मापन आणि तुलना हे तीन धडे मला अर्ध्या वेळात उरकता आले. पण प्रत्येक वेळी असंच होईल अशी हमी मी देणार नाही. माझे मातीकामाचे तास सपशेल फसले होते. पंचेचाळीस मुलं, एक नळ, आणि संध्याकाळी शिपाईमामांनी माझ्याशी आठवडाभर न बोलणं. त्याचा उपाय मला शेवटपर्यंत सापडला नाही. अर्धा वर्ग आज, अर्धा उद्या, असं करणाऱ्या एक बाई मला भेटल्या. त्यांना ते जमत होतं.

तेव्हा मागणं एवढंच. येत्या सत्राचं वेळापत्रक अजून पेन्सिलीत असेल, तर आठवड्यातल्या दोन तासिका एकमेकींना जोडा. एक भिंत अशी ठेवा जिच्यावर काय लागेल ते पाहुण्यांच्या तारखेवर ठरणार नाही. चांदण्यांचं पाकीट संपलं की नवं मागवू नका. आणि तपासणीच्या दिवशी वर्गात सगळ्यांचं काम वेगवेगळं आणि थोडं वाकडं दिसलं, तर बाईंना ऑफिसात बोलावू नका. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं आहे. बाई पोपट बसवतात त्या बहुतेक वेळा त्या बोलावण्याच्या धाकाने.

माझ्याकडून काय, तर मी निवृत्त आहे आणि दर बुधवारी मोकळी असते. नातीच्या शाळेने हो म्हटलं, तर दुसरीच्या वर्गात खोकी आणि सुतळी घेऊन येईन. वर्ग बाईंचाच राहील, मी खिडकीशी उभी राहीन, ते मला आता जमतं. फक्त ते लोखंडी कपाट उघडं लागेल, कात्र्या त्यात आहेत. किल्ली कुणाकडे असते तेवढं कळवावं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका